पहिलं विमान आणि बिनतिकिटाचा दिवस

२०२३ च्या जुलैत आम्ही पहिल्यांदा ऑरलँडोला डिस्ने वर्ल्ड बघायला गेलो. तेव्हा मी राइड्सचा अभ्यास केला होता, जेवणाची ठिकाणं शोधली होती, मुलांच्या टोप्यांपासून सगळी खरेदी झाली होती. फक्त पोहोचायच्या दिवसाचा विचार केला नव्हता. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. नेवार्कहून ऑरलँडोला थेट विमानाने तीन तासही लागत नाहीत. पण मधे एक विमान बदललं तर तिकीट स्वस्त पडत होतं, म्हणून तेच घेतलं. सकाळी दहाला निघायचं, दुपारी तीनला पोहोचायचं, पाचला मॅजिक किंगडम या डिस्नेच्या पार्कात शिरायचं आणि रात्री आतषबाजी बघायची, असा बेत.

फ्लोरिडात उन्हाळ्यात जवळजवळ रोज दुपारी गडगडाट होतो, हे तेव्हा फक्त ऐकून माहीत होतं. वीज जवळ आली की सामान चढवणाऱ्या, इंधन भरणाऱ्या माणसांना आत बोलावतात आणि ढग पुढे सरकेपर्यंत विमानतळावर काहीच हलत नाही. आमचं दुसरं विमान आधी एक तास, मग दोन तास, मग ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’ असं करत लांबत गेलं. हॉटेलवर पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तीन वर्षांचा मुलगा नवऱ्याच्या खांद्यावर झोपलेला. सात वर्षांची मुलगी लिफ्टमध्ये शिरताना म्हणाली, “आई, आतषबाजी संपली का गं?” तीन दिवसांच्या सहलीतला एक दिवस गेला होता. पैशांचं दुःख काही दिवसांनी विरलं, तो प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही.

म्हणून २०२५ मध्ये साताऱ्याहून आईबाबा यायचे ठरले आणि सहा जणांनी डिस्नेला जायचं पक्कं झालं, तेव्हा मी कागद घेऊन बसले ती पहिल्या दिवसापासून.

आधी तारखा. फ्लोरिडातल्या शाळा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास उघडतात आणि आमच्याकडच्या बहुतेक शाळा सप्टेंबरमध्ये लेबर डे झाल्यावर. मधल्या त्या दोन-तीन आठवड्यांत तिथली गर्दी ओसरलेली असते आणि आपल्या मुलांना अजून सुट्टी असते. याची दुसरी बाजूही आहे. ऊन कडक असतं आणि चक्रीवादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर असला तरी त्याचा खरा जोर याच सुमारास सुरू होतो. त्यातून २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी. आईबाबा इथे असताना गणपती त्यांच्या हातून बसणार होता, त्यामुळे निदान दोन दिवस आधी घरी असायलाच हवं. मंगळवार १९ ला जायचं आणि रविवार २४ ला परत यायचं ठरवलं. रविवारचं विमान रद्द झालंच, तरी हाताशी सोमवार-मंगळवार राहत होते.

मग विमानाची वेळ. दिवसभरात नेवार्कहून बरीच थेट विमानं आहेत. सकाळी सहाचं होतं, साडेनऊचं होतं, दुपारचीही होती. मी साडेनऊकडे झुकले होते. सहाच्या विमानासाठी पावणेतीनला उठायचं, मुलांना अर्धवट झोपेत गाडीत घालायचं, नकोच ते. हे सगळं मी बाबांना फोनवर सांगत होते. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, उभं आयुष्य वेळापत्रकात गेलेलं. ते म्हणाले, “अगं, मुक्कामी गाडी बघ. पहाटेची पहिली गाडी वेळेवर सुटते, कारण ती रात्री डेपोतच उभी असते. दुसरी गाडी कुठून तरी येणार, तिला उशीर झाला की तुलाही झाला.”

विमानांचंही नेमकं असंच आहे. एकच विमान दिवसभरात चार-पाच गावं करतं आणि सकाळी कुठेतरी झालेला उशीर संध्याकाळपर्यंत साठत जातो. पहाटेचं पहिलं विमान सहसा आदल्या रात्रीच येऊन उभं असतं. शिवाय फ्लोरिडातला गडगडाट दुपारचा, त्याच्या आत आपण उतरलेले असतो. तुमचं विमान आत्ता कुठे आहे आणि कुठून येणार आहे, हे बहुतेक कंपन्यांच्या अ‍ॅपवर दिसतं. १८ तारखेच्या रात्री दहा वाजता आमचं विमान नेवार्कला उतरल्याचं मी बघितलं आणि मगच झोपले.

उठण्याची जी भीती होती, तिचंही उत्तर आईबाबांकडेच निघालं. त्यांना भारतातून येऊन आठवडा झाला होता. ऑगस्टमध्ये आपली घड्याळं इथल्यापेक्षा साडेनऊ तास पुढे असतात. इथे पहाटेचे तीन म्हणजे साताऱ्यात दुपारचे साडेबारा, त्यामुळे दोघेही रोज तीनलाच टक्क जागे होऊन स्वयंपाकघरात कुजबुजत चहा घेत असायचे. आणि संध्याकाळी सातला डोळे मिटायला लागायचे, कारण तिकडे पहाटेचे साडेचार झालेले असायचे. म्हणजे पहाटेचं विमान त्यांना सोयीचंच होतं आणि रात्रीचा कुठलाही कार्यक्रम गैरसोयीचा. हे लक्षात आल्यावर पहिल्या दिवसाचा आराखडा आपोआप तयार झाला: लवकर पोहोचायचं, पण पार्कात जायचं नाही. त्या दिवसाचं तिकीटच काढायचं नाही.

नवऱ्याला हे पटत नव्हतं. सकाळी नऊला ऑरलँडोत उतरून अख्खा दिवस हॉटेलवर घालवायचा? त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण पार्कात एकदा तिकीट काढून शिरलं की माणूस ते वसूल करायला बघतो. चौतीस अंशांच्या उन्हात, अडीच तास झोपलेली मुलं आणि सत्तरी ओलांडलेले दोघं घेऊन आपण रात्री दहापर्यंत ओढत राहणार आणि दुसरा दिवसही घालवणार. चार दिवसांचं तिकीट बुधवारपासून काढलं. रविवारी सकाळीच परतायचं असल्यामुळे बुध ते शनि असे चार पूर्ण दिवस मिळत होते.

तिकिटाचा आणखी एक धडा पहिल्या वेळचा. सगळ्यात स्वस्त ‘बेसिक’ भाडं घेतलं, तर जागा एकत्र मिळतीलच असं नसतं आणि तारीख बदलणंही अवघड जातं. वादळाच्या हंगामात सहा माणसांसाठी मी बदलता येणारं तिकीट घेतलं, थोडे पैसे जास्त गेले. विमान रद्द झालं आणि आपण दुसरं घ्यायला नकार दिला, तर इथल्या नियमाप्रमाणे पैसे परत मिळतात. पण मला पैसे परत नको होते, गणपतीच्या आत सगळे घरी हवे होते.

कागदपत्रांत एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आयत्या वेळी लक्षात येते. ७ मे २०२५ पासून देशातल्या देशात उडायलाही रिअल आयडी, म्हणजे नव्या निकषांचं सरकारी ओळखपत्र, किंवा मान्य असलेलं दुसरं ओळखपत्र लागतं. भारतातून आलेल्या आईवडिलांसाठी भारतीय पासपोर्ट चालतो, पण तो मूळच हवा, फोनमधला फोटो चालत नाही. बाबा पासपोर्ट कपाटात कुलपात ठेवून येणार होते. “इथल्या इथे तर जायचंय,” म्हणाले.

व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच केली होती आणि दोन दिवस आधी फोन करून पुन्हा खात्री केली. आई रुसली. “मी काय पेशंट आहे का?” तिचे गुडघे दुखतात, पण ती चालते. मी तिला म्हटलं, आई, ही खुर्ची तुला चालता येत नाही म्हणून नाही, पुढचे चार दिवस चालता यावं म्हणून आहे. त्यावर ती काही बोलली नाही, पण नेवार्कला खुर्चीत बसली. सुरक्षा तपासणीत आता बूट काढावे लागत नाहीत, तो नियम जुलैतच गेला होता. वाकून नाडी सोडण्या-बांधण्याचा त्रास वाचला, याचं तिला फार बरं वाटलं.

श्रावण चालू होता, बाहेरचं खाणं आईला नको होतं. दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, राजगिऱ्याचे लाडू हे सगळं हातातल्या पिशवीत बिनदिक्कत जातं. दही, लोणचं आणि तूप मात्र द्रवात धरतात, छोट्या बाटलीपेक्षा जास्त असेल तर काढून घेतात. ते मोठ्या बॅगेत घातलं. मुलाची कारसीटही चेक-इन केली. विमान कंपन्या सहसा त्याचे पैसे घेत नाहीत आणि फ्लोरिडात पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला ती कायद्यानेच लागते.

त्या आठवड्यात अटलांटिकमध्ये एरिन नावाचं मोठं चक्रीवादळ फिरत होतं. रोज सकाळी नकाशा बघताना माझ्या पोटात गोळा यायचा. ते किनाऱ्यापासून लांब राहून उत्तरेकडे वळलं. आमचं विमान सहाला ठरल्या वेळी हललं आणि मी नवऱ्याचा हात घट्ट धरला.

नऊच्या आत उतरलो. बॅगांच्या पट्टीवर ऑरलँडोऐवजी एमसीओ का लिहिलंय, असं बाबांनी विचारलं. इथे पूर्वी मॅकॉय नावाचा हवाई दलाचा तळ होता, त्याची ती खूण. बाबांनी वहीत लिहून घेतलं. या विमानतळावर विमानं लागतात त्या इमारतींपासून मुख्य इमारतीपर्यंत छोट्या गाडीने यावं लागतं, म्हाताऱ्या माणसांसाठी आणि खुर्चीसाठी ते सोपं आहे. २०२२ मध्ये उघडलेलं सी टर्मिनल मात्र वेगळं आहे. आपलं विमान कुठे लागणार, हे निघण्याआधी बघून ठेवावं, नाहीतर न्यायला येणारा एकीकडे आणि आपण दुसरीकडे.

डिस्नेची विमानतळावरून फुकट नेणारी बस २०२१ च्या अखेरीस बंद झाली. आता पैसे देऊन बस आहे, टॅक्सी आहे किंवा भाड्याची गाडी. सहा माणसं, आठ बॅगा आणि कारसीट यांचा हिशेब करता मिनीव्हॅनच परवडली. हॉटेलात राहणाऱ्यांना तिथलं पार्किंग फुकट आहे. आपला न्यू जर्सीचा ईझीपास ऑरलँडोच्या टोल रस्त्यांवर चालतो. भाड्याच्या गाडीचा नंबर आपल्या खात्यात घातला, की गाडी देणाऱ्या कंपनीकडून टोलचे वेगळे पैसे लागत नाहीत. हे मला पहिल्या वेळी माहीत नव्हतं.

हॉटेल होतं आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन. तिथल्या फॅमिली स्वीटमध्ये सहा जण राहतात आणि दोन बाथरूम असतात. आईबाबांसोबत राहायचं तर दुसऱ्या बाथरूमला मी सगळ्यात वरचं स्थान देईन. खोली दुपारी तीननंतर मिळते, आम्ही साडेदहाला हजर. पण आता हे आमच्या हिशेबात होतं. पोहण्याचे कपडे, बाबांची औषधं, आईची शाल आणि दशम्यांचा डबा एका वेगळ्या पिशवीत वर ठेवला होता. बाकी सामान हॉटेलच्या माणसांकडे दिलं आणि थेट तलावावर गेलो. खोली तयार नसली तरी तलाव वापरता येतो. डिस्नेच्या हॉटेलांमधला हा सगळ्यात मोठा, आणि पाण्यात डोकं बुडवलं की आतून संगीत ऐकू येतं. मुलगा दर मिनिटाला वर येऊन आबांना सांगत होता, “आबा, पाणी गातंय!”

आलेल्या दिवशी हॉटेलच्या पाहुण्यांना वॉटर पार्क फुकट असतो, २०२५ पासून ही सोय झाली आहे. नवरा मुलांना घेऊन जायला तयार होता. मीच नको म्हटलं. मुलं लहान नसती आणि आईबाबा नसते, तर नक्की गेलो असतो.

दोन वाजता आभाळ भरून आलं, शिट्टी वाजली, सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं. मग तो पाऊस आला. आम्ही छताखाली बसून दशम्या खात होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर दोन वर्षांपूर्वीचा तो विमानतळ होता. याच वेळेला, याच पावसाने आम्हाला अडवून ठेवलं होतं. आता तो समोर पडत होता आणि आम्हाला कुठेच जायचं नव्हतं. तीनला फोनवर खोलीचा नंबर आला. चार ते साडेपाच सगळे गाढ झोपले, मीसुद्धा.

पाऊस थांबल्यावर संध्याकाळी स्कायलायनरमध्ये बसलो. हा हॉटेलपासून पार्कापर्यंत नेणारा पाळणा, त्याला तिकीट लागत नाही. विजा चमकत असतील तर बंद ठेवतात. एका पाळण्यात आम्ही सहाजण. आईला रायगडच्या रोपवेची आठवण झाली, तेव्हा ती डोळे मिटून बसली होती म्हणे. इथे तिने डोळे उघडे ठेवले. खाली तळं, ओली झाडं, आणि दूर एपकॉट या डिस्नेच्या दुसऱ्या पार्कातला तो पांढरा गोल. मुलीने तो आधी ओळखला आणि ती आजीला सांगत सुटली, उद्या काय, परवा काय.

साडेसातला आईबाबा झोपले. पहाटे चारला मला चहाचा वास आला. बाबांनी खोलीतल्या मायक्रोवेव्हमध्ये पाणी उकळून चहा केला होता आणि ते खिडकीशी बसून मॅजिक किंगडमचा नकाशा बोटाने वाचत होते. हॉटेलच्या पाहुण्यांना पार्कात अर्धा तास आधी सोडतात, हे त्यांना मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. “पहिली बस किती वाजता सुटते?” त्यांनी विचारलं. मी मुलांना उठवायला गेले, तर मुलगी आधीच बूट घालून बसली होती.