धोतराचं भूत

दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी, अंधार पडायच्या सुमारास, मुलांच्या शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्या पाठमोऱ्या लागायच्या. डिक्या उघडायच्या. कुणाच्या डिकीत स्मशान, कुणाच्या चेटकिणीचं स्वयंपाकघर. सोंगं घेतलेली मुलं पिशव्या पुढे करत एकेका डिकीपाशी थांबायची. अमेरिकेत हॅलोविनच्या, म्हणजे सोंगं घेऊन खाऊ मागायच्या सणाच्या, निमित्ताने हे चालतं; तिकडे याला ‘ट्रंक ऑर ट्रीट’ म्हणतात. न्यू जर्सीत, एडिसनजवळच्या त्या शाळेत २०१० ते २०१९ अशी दहा वर्षं आमचीही डिकी लागली.

पहिल्या वर्षी लेक बालवर्गात होती. मी एच-फोर व्हिसावर, नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळतो तो; त्यावर तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती. घर एका पगारावर. दुकानातले सांगाडे आणि धुराची यंत्रं बघून आम्ही हात हलवत परत आलो. तेव्हा धाकट्याच्या दुपट्यांसाठी आईने पुण्याहून आजोबांची जुनी धोतरं पाठवली होती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. एक घडी उरली होती. ती हातात घेतली आणि वाटलं, हे तर भुताचंच कापड!

आई घरच्या साड्यांना साबुदाण्याची खळ करायची. तेच केलं, फक्त जरा दाट. अर्धी वाटी साबुदाणा तीन-चार वाट्या पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवला, गाळला. सोड्याच्या रिकाम्या बाटलीवर फुगा बसवला, हँगरच्या तारेचे दोन हात केले. धोतराचा तुकडा खळीत बुडवून, पिळून त्यावर पांघरला आणि चुण्या नीट पाडल्या, कारण भुताचा सगळा डौल चुण्यांतच असतो. रात्रभर वाळू दिलं. सकाळी फुगा फोडून बाटली काढून घेतली, तर भूत आतून पोकळ आणि आपल्या पायांवर उभं! आत बॅटरीची पणती ठेवली. त्या संध्याकाळी किती आया आमच्या डिकीपाशी येऊन ‘हे कशाने कडक केलंत?’ विचारून गेल्या. पुढच्या वर्षी शाळेच्या कॅफेटेरियात मी साबुदाण्याचं पातेलं घेऊन बसले आणि पंधरा-वीस जणी माझ्याभोवती बाह्या सरसावून. त्या देशात माझ्या हाताला पहिल्यांदा काम मिळालं ते तिथे.

मग दरवर्षी भर पडत गेली. काळ्या कचऱ्याच्या पिशवीची त्रिकोणी घडी घालून कात्रीने कमानी कापल्या की कोळ्याचं जाळं उलगडतं; आकाशकंदिलाची नक्षी कापलेल्या हाताला हे शिकवावं लागत नाही. दुधाच्या गॅलनच्या प्लॅस्टिकच्या बरण्या आम्ही सप्टेंबरपासून साठवायचो. काळ्या मार्करने डोळे-तोंड काढायचं, मागून भोक पाडून दिवा सोडायचा.

भोपळा मात्र नवराच चिरायचा. आई फोनवर बजावायची, बाईने अख्खा भोपळा फोडू नये. पहिला काप त्याचा, कोरीवकाम आमचं. बिया मीठ-तिखट लावून भाजायच्या. कोरायचा भोपळा पाणचट असतो, त्यामुळे घारग्यांना गूळ जास्त लागतो. लेकीच्या बाईंचे पूर्वज आयर्लंडचे. त्या मुलांना सांगायच्या की तिकडे सलगम कोरत, अमेरिकेत आल्यावर लोकांना भोपळा सापडला, मोठा आणि कोरायला सोपा. परक्या मुलखात हाताशी आलं त्यातून सण उभा केलेली माणसं ती. मला ती गोष्ट दरवर्षी तितकीच आवडायची.

२०१२ साली शुक्रवारचा कार्यक्रम झाला आणि सोमवारी, २९ ऑक्टोबरला, सँडी वादळ आलं. वीज गेली ती गेलीच. डिकीतून उतरवलेली दुधाच्या बरण्यांची भुतं त्या रात्रीपासून आमच्या घरचे दिवे झाली. एक न्हाणीघरात, एक जिन्यावर, एक मुलांच्या उशाशी. गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी हॅलोविन पुढे ढकलून ५ नोव्हेंबरला ठेवला. त्या संध्याकाळीही आमच्या गल्लीत अंधारच होता. सगळ्या बरण्या रस्त्याच्या कडेने ओळीत मांडल्या आणि मुलं त्या उजेडात दारोदार गेली. एवढा सुंदर हॅलोविन मी पुन्हा पाहिला नाही.

२०१६ साली रविवारी लक्ष्मीपूजन आणि सोमवारी पाडवा नि हॅलोविन एकाच दिवशी. उंबऱ्याबाहेर रांगोळी, पणत्या, बाजूला दात विचकणारा भोपळा. एक चिमुरडी चेटकीण झगा दोन्ही हातांनी उचलून रांगोळीला वळसा घालून आली. चॉकलेटबरोबर तिच्या पिशवीत मी एक चकलीही घातली.

गेल्या ऑक्टोबरमध्ये लेकीचा हॉस्टेलमधून फोन. ‘आई, साबुदाणा किती वाट्या? आणि चादरीचं भूत उभंच राहत नाहीये गं.’ चादर जाड पडते, म्हटलं. विरलेलं कापड हवं. कपाटात तळाशी आजोबांच्या धोतराचा शेवटचा तुकडा होता, साधारण हातभर. दुसऱ्या दिवशी तो पाकिटात घालून पोस्टाने पाठवून दिला.