एमटीएचएफआर, होमोसिस्टीन आणि मेंदूचा झटका

जनुकचाचणीच्या अहवालात 'एमटीएचएफआर सी६७७टी' (एमटीएचएफआर नावाच्या जनुकातला एक बदल) दिसलं की घरात धसका बसतो: आता पक्षाघात होणार! तसं काही नाही. हा बदल अगदी सर्रास आढळतो आणि एकटा असताना फारसं काही बिघडवत नाही.

शरीर मेथिओनिन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) वापरतं तेव्हा होमोसिस्टीन हे दुसरं अमिनो आम्ल तयार होतं. त्याचं पुन्हा मेथिओनिन व्हायला फोलेट आणि बी१२ ही दोन्ही जीवनसत्त्वं लागतात. फोलेट हव्या त्या रूपात तयार ठेवणं हे एमटीएचएफआर एन्झाइमचं काम. आई-वडील दोघांकडूनही 'टी' (म्हणजे बदललेली प्रत) आला असेल ('टीटी'), तर एन्झाइमची ताकद साधारण ३० टक्क्यांवर येते. एकाकडूनच आला तर ६५च्या आसपास राहते. होमोसिस्टीन साचलं की रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होते आणि गुठळी धरायला वाव मिळतो. पण आहारात डाळी, हरभरे, पालेभाज्या पुरेशा असतील तर 'टीटी'वाल्यांचंही होमोसिस्टीन बहुधा आटोक्यात राहतं. (भाजी उकडून पाणी ओतून दिलं, तर फोलेटही मोरीत गेलं.)

आपल्याकडे खरी अडचण बी१२ची. पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६७ टक्क्यांचं बी१२ कमी होतं आणि ५८ टक्क्यांचं होमोसिस्टीन जास्त. मोठ्या माणसाला रोज अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास बी१२ लागतं. पाव लिटर दुधात जेमतेम एक मिळतं. चहातलं दूध यात धरू नका. मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर तूट आणखी वाढते.

म्हणून जनुकावर पैसे घालवण्यापेक्षा बी१२ आणि उपाशीपोटी होमोसिस्टीन तपासा. नमुना लगेच बर्फात ठेवून तासाभरात सेंट्रिफ्यूज व्हायला (यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करायला) हवा. नाहीतर तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात आणि आकडा खोटाच फुगतो. १५ मायक्रोमोल प्रति लिटरपर्यंत ठीक.

गोळ्यांचा उपयोग किती? चीनमध्ये रक्तदाबाच्या २०,७०२ रुग्णांवर चाचणी झाली. एनालाप्रिल या रक्तदाबाच्या औषधासोबत ०.८ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड घेणाऱ्यांमध्ये पहिला झटका २१ टक्क्यांनी कमी झाला. मात्र आधीच झटका येऊन गेलेल्यांवरच्या २००४च्या एका चाचणीत जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेने काहीच फरक पडला नाही. बी१२ न तपासता नुसतं फोलिक ॲसिड सुरू करणं तर धोक्याचंच: रक्ताचा अहवाल सुधारतो आणि बी१२च्या तुटीने होणारी मज्जातंतूंची हानी मागे चालूच राहते. मधुमेहाने मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर बी-जीवनसत्त्वांचे मोठे डोस स्वतःच्या मनाने घेऊ नका. अशा डोसांनी अपाय झाल्याचं दिसलं आहे.

आणि हे सगळं रक्तदाब व तंबाखूनंतर. दाब १६०वर ठेवून होमोसिस्टीनच्या मागे लागण्यात अर्थ नाही. सिगारेट होमोसिस्टीनही वाढवते. उपचार सुरू केल्यावर फेरतपासणी दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये.