राजवाड्यात नेलं

कोल्हापुरात कुणाला 'जुन्या राजवाड्यात नेलं' असं कळलं, तर लोक जामीनदार शोधायला लागतात. जुना राजवाडा हे इथं पोलीस ठाण्याचंही नाव आहे. संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, राजधानीपण गेलं, पण राजवाड्याच्या भवानी मंडपातनं जाताना गाव ते मान्य करत नाही. अंबाबाईला निघालेले भाविक, चपलांचे ढीग, उगीच टेकलेली म्हातारी माणसं. दरबाराच्या दारात बसायला कुणी कुणाची परवानगी घेत नाही.

हे मला दिल्लीत जाणवलं. २०२३ च्या डिसेंबरात भाच्याकडं गेलो होतो. पूर्वीचा राजपथ, आता कर्तव्यपथ. लांबून राष्ट्रपती भवनाचा घुमट छान दिसतो; जवळ जाल तसा तो चढाआड बुडत जातो. या चढावरून ल्युटन्स आणि बेकर या दोघा वास्तुकारांचं जोरदार वाजलं होतं. मला मात्र ती चूक वाटलीच नाही. साहेबाचं राज्य असंच होतं की, लांबून भव्य आणि जवळ गेलं की गायब! १९३१ मध्ये थाटामाटानं उद्घाटन केलं आणि सोळा वर्षांत गाशा गुंडाळला.

"मामा, इथं बसायचं कुठं?" भाच्यानं विचारलं. खरा कोल्हापूरकर.

मग हिरवळ दिसली. उन्हात संत्री सोलत, शेंगा फोडत बसलेली कुटुंबं. कुणी पंजाबी, कुणी बंगाली, आणि आम्ही दोघं डब्यातली भाकरी काढणारे. संचलन टीव्हीवर दरवर्षी बघतो, ऊर भरूनही येतो. पण हा देश आपला आहे असं जे वाटलं, ते शेजारच्या बाईंनी न विचारता दोन संत्री पुढं केली तेव्हा. बांधलं परक्यांनी, आपलं केलं ते असं बसून बसून.

आमच्याकडं बसायची सोय आधी होते. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपात गेले, रोमचं कलोसियम बघून आले आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. कुठंही बसा, तांबड्या मातीतला पैलवान पुरता दिसतो. रोममध्ये माणसं मरताना बघायला बसत; आमच्याकडं फार तर पाठ मातीला लागते. (त्यावरही वर्षभर वाद चालतो.) शेजारीच १९१५ चं पॅलेस थिएटर, पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालेलं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रस्त्यावर माणसं नुसती उभी होती, काहीजण उघड रडत होते. आमच्या वडिलांनी तिथं उभ्या आयुष्यात दोनच नाटकं बघितली असतील, त्यातल्या एकात झोपले होते. ते पायरीवर बसून, 'आपलं थेटर गेलं' एवढंच म्हणत राहिले.

मध्यरात्री दिल्लीहून भाच्याचा फोन आला.

"मामा, खासबागला काय झालं न्हाई न्हवं?"