फुल थ्रॉटलला सुई अखेर 58 वर थांबली: पंप, सक्शन आणि बदललेला बेत

मंडळी, सुई थांबली! बोट पूर्ण प्लेनवर (वेगाने पाण्यावर उचललेली), थ्रॉटल शेवटाला टेकलेला आणि रेलचं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचं) प्रेशर 58 पीएसआयवरून (म्हणजे 4 बारवरून) हललं नाही. एएफआर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) 12.3 ते 12.5. मागच्या अपडेटमधला लॉग ज्यांनी बघितला त्यांना आठवत असेल, हेच प्रेशर घसरत 44 पर्यंत यायचं, एएफआर 13.8 च्या पुढे जायचं आणि थ्रॉटल मागे घेण्यावाचून इलाज नसायचा. बोटीचं इंजिन म्हणजे कायम घाट चढणारी गाडी, तिला उतार मिळतच नाही. रस्त्यावर क्षणभर मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालं तर निभावून जातं. इथे त्याच लोडवर तसंच चालू राहिलं की पिस्टनचा माथा जातो. म्हणून टायमिंगचं काम बाजूला ठेवलं आणि सगळा वेळ इंधनावर घातला.

आकडेमोड परत थोडक्यात देतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. इंजिन 8.2 लिटरचा बिग ब्लॉक, नॅचरली ॲस्पिरेटेड (सुपरचार्जर नसलेला), लक्ष्य 600 एचपी. फुल थ्रॉटलला एका एचपीमागे ताशी 0.23 किलो पेट्रोल धरलं तर 138 किलो होतात. 0.74 घनतेने ते ताशी 186 लिटर. त्यावर पाव हिस्सा राखीव ठेवला की 230 च्या आसपास. सुपरचार्जर असेल तर एचपीमागचा आकडा 0.27 ते 0.29 धरा, तिथे काटकसर करू नका. कागदावर 255 लिटरचा पंप मला पुरतो. पण हा 255 बहुतेक वेळा 3 बार आणि 13.5 व्होल्टला मोजलेला असतो. 4 बारला फ्लो कमी, 12 व्होल्टला आणखी कमी. त्यामुळे डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका, फ्लो-कर्व्ह मागा. जो विक्रेता कर्व्ह देत नाही त्याच्याकडून मी पंप घेत नाही.

व्होल्टेजचा भाग पटकन सुटला. अल्टरनेटर 14 दाखवत होता, पंपाच्या टर्मिनलवर मात्र 12.1. रिले पंपाजवळ आणला, जाड टिन्ड वायर ओढली, ग्राउंड थेट निगेटिव्ह बसबारवर घेतला आणि 13.6 मिळाले. रिले इग्निशन-प्रोटेक्टेडच घ्या, म्हणजे एसएई जे1171 किंवा आयएसओ 8846 चा. बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) पेट्रोलची वाफ साठू शकते आणि मोटारगाडीचा साधा रिले तिथे ठिणगी टाकू शकतो.

एवढं करूनही प्रेशर पडतच होतं. थोडं उशिरा, पण पडायचंच.

शंका दूर करायला एका मित्राचा बराच मोठा पंप लावून पाहिला. त्यावर प्रेशर आणखी लवकर कोसळलं! पंप मोठा आणि प्रेशर कमी, हे कोडं ज्या क्षणी उलगडलं तिथूनच खरं काम सुरू झालं. माझा रेग्युलेटर उरलेलं पेट्रोल परत टाकीत पाठवायचा. म्हणजे इंजिन आयडलला असो की फुल थ्रॉटलला, सक्शन लाइनमधून (टाकीतून पंपाकडे येणाऱ्या नळीतून) पंपाचा सगळाच्या सगळा फ्लो जायचा. पंप जितका मोठा, तितकी सक्शनवर ओढ जास्त. रेलच्या बाजूचं प्रेशर बघण्यात आपण सगळे वेळ घालवतो, पण पंपाच्या तोंडाशी काय चाललंय हे बघणारे फार थोडे.

गाडीत हा प्रश्न येत नाही, कारण पंप टाकीतच बुडालेला असतो. बोटीत ती सोय नाही. अमेरिकेचा नियम 33 सीएफआर 183.566 स्पष्ट सांगतो की पेट्रोल पंप इंजिनवर किंवा इंजिनापासून 12 इंचांच्या आत हवा. मी कुठेही बोट चालवली तरी हा नियम पाळतो, कारण त्यामागचं कारण पक्कं आहे: टाकीपासून इंजिनापर्यंतची लांब लाइन दाबाखाली नसावी, म्हणजे ती फुटली तर पंप बिल्जमध्ये पेट्रोल ओतत बसणार नाही. पण याचा अर्थ पंपाला तेवढ्या अंतरावरून पेट्रोल ओढून आणावं लागतं, आणि हाय-प्रेशर इनलाइन पंप ढकलण्यात तगडे असले तरी ओढण्यात कच्चे असतात.

मग व्हॅक्यूम गेज घेतला आणि पंपाच्या इनलेटला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून जोडला. फुल थ्रॉटलला 6 इंच मर्क्युरी. मरीन इंजिनांसाठी साधारण 2 इंचांच्या आत ठेवावं हा आपला नेहमीचा ठोकताळा, आणि इथे तिप्पट! मग टी एकेक जोड मागे सरकवत गेलो आणि ओढीची वाटणी मांडली. टाकीतलं पेट्रोल पंपापेक्षा 40 सेंटीमीटर खाली, त्या उचलीचेच 0.9 इंच. चार मीटर लांबीच्या 3/8 इंची होजचे 1.3. वॉटर-सेपरेटर फिल्टरचं हेड आणि त्याला लावलेले दोन काटकोनी एल्बो मिळून 1.1. आणि टाकीच्या पिकअपवरचा अँटी-सायफन व्हॉल्व्ह (लाइन तुटली तर टाकीतलं पेट्रोल आपोआप वाहू न देणारा) एकटा 2.7. बोटाएवढं पितळी फिटिंग, आत एक गोळी आणि स्प्रिंग, आणि ते जवळजवळ निम्मी ओढ खाऊन बसलं होतं. हातात धरून उजेडाकडे बघितलं तर गोळीभोवती जेमतेम फट दिसते.

6 इंचांनी एवढं काय बिघडतं? बिघडतं, कारण पेट्रोल उकळतं. वातावरणाचा दाब 101 किलोपास्कल, त्यातून 6 इंचांचे 20 गेले, उरले 81. ज्या पेट्रोलचा रीड व्हेपर प्रेशर 60 किलोपास्कल आहे (हा 37.8 अंशांना मोजतात), त्याचा बाष्पदाब 47 अंशांच्या आसपास 82 वर पोचतो. आणि माझ्या पंपाच्या बॉडीवर बराच वेळ हळू चालवल्यानंतर 47 च मिळत होते. खात्रीसाठी सक्शनमध्ये स्टील बॉडीचा साइट ग्लास बसवला. आधी मिलिमीटरभर आकाराचे सुटे बुडबुडे, मग त्यांच्या रांगा, आणि थ्रॉटल दाबला की काच अर्धी रिकामी. पंपाचा आवाजही त्याच क्षणी चढायचा, कारण तो पेट्रोलऐवजी वाफ ढकलत होता. हे बघून मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. इतके दिवस जे फक्त लॉगमधल्या रेषेत होतं ते डोळ्यांसमोर दिसत होतं.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. "गोळी-स्प्रिंग काढून फेक, सगळं सुटेल" असा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. सुटेल, खरंच सुटेल, पण लाइन तुटली तर टाकी सायफनने बिल्जमध्ये रिकामी होईल. कृपा करून तसं करू नका. त्याच नियमावलीतलं 183.568 कलम दुसरा मार्ग देतं: टाकीच्या फिटिंगवर इलेक्ट्रिक फ्युएल स्टॉप व्हॉल्व्ह, जो इग्निशन चालू असतानाच उघडतो. मी फुल-बोअर सोलेनॉइड व्हॉल्व्ह घेतला, हाताने उघडायची सोय असलेला. बंद असताना तो अँटी-सायफन व्हॉल्व्हपेक्षा जास्त भरवशाचा, आणि उघडला की वाटेत जवळजवळ काहीच अडथळा नाही.

बाकीच्या लाइनवरही हात फिरवला. होज 1/2 इंची केली. त्याच फ्लोला 3/8 पेक्षा 1/2 चा दाब-तोटा जवळपास चौथ्या हिश्शावर येतो, तेव्हा इथे हात आखडता घेण्यात अर्थ नाही. फिल्टरचं हेड मोठ्या पोर्टचं, 10 मायक्रॉनचंच, पण एल्बो काढून 45 अंशांची फिटिंग लावली. होजबद्दल एक तक्रार. एका विक्रेत्याने "मरीन" म्हणून जी होज पाठवली तिच्यावर कुठलीच छाप नव्हती. ती परत केली. एसएई जे1527 आणि ए1-15 असं होजवर छापलेलं असलं पाहिजे. ए1 म्हणजे आगीच्या चाचणीत टिकणारी, 15 म्हणजे भिंतीतून झिरपणारं पेट्रोल दर चौरस मीटरला दिवसाला 15 ग्रॅमच्या आत. फिटिंगवरची छाप वाचली नाही तरी होजवरची वाचाच.

आता मुख्य बदल. टाकीत जाणारी रिटर्न लाइन पूर्ण काढली आणि इंजिनच्या ब्रॅकेटवर दोन लिटरची व्हीएसटी (व्हेपर सेपरेटर टँक, पेट्रोलमधली वाफ वेगळी करणारी छोटी टाकी) बसवली. तिला पेट्रोल देतो तो कमी दाबाचा रोटरी व्हेन लिफ्ट पंप, अर्थात 12 इंचांच्या आतच. व्हीएसटीत फ्लोट आणि नीडल, हाय-प्रेशर पंप आतच बुडालेला, रेग्युलेटरचं रिटर्न पुन्हा व्हीएसटीत, आणि वाफेचा व्हेंट फ्लेम अरेस्टरच्या (इंजिनच्या हवेच्या तोंडावरच्या, आग रोखणाऱ्या जाळीच्या) आत. याचा सगळ्यात मोठा फायदा असा की फ्लोट भरला की नीडल बंद होते, आणि सक्शन लाइनमधून इंजिन जेवढं पितं तेवढंच वाहतं. 255 चे 186 झाले, तेही फक्त फुल थ्रॉटलला. हाय-प्रेशर पंपाला ओढायचं काहीच उरलं नाही, तो पेट्रोलमध्ये बुडून फक्त ढकलतो. लिफ्ट पंपाच्या तोंडाशी आता फुल थ्रॉटलला 1.7 इंच. त्या दाबाला तेच पेट्रोल उकळायला 52 अंशांच्या जवळ जावं लागेल. साइट ग्लास अजून तसाच ठेवलाय आणि तो काठोकाठ भरलेला बघायला मला अजूनही आवडतं.

कार्ब्युरेटरवाल्यांसाठी एक शब्द: तुम्हाला 6-7 पीएसआयच हवेत, तर सी-वॉटर पंपावर (इंजिन थंड करायला बाहेरचं पाणी ओढणाऱ्या पंपावर) बसणारा डबल डायफ्रामचा मेकॅनिकल पंप अजूनही माझ्या मते सर्वोत्तम. वायरिंग नाही, इंजिन थांबलं की पंप थांबला, आणि डायफ्राम फाटला तर साइट ट्यूबमध्ये पेट्रोल दिसतं.

इथपर्यंतचं लिहून होईपर्यंत पुढचा बेत "एकच मोठा हाय-प्रेशर पंप" असाच होता. पण व्हीएसटीची उष्णता कागदावर मांडली आणि मत बदललं. पंप 12 अँपिअर घेतो, 13.5 व्होल्टला ते 160 वॉट. आयडलला पेट्रोल जवळजवळ सगळं व्हीएसटीतच गोल फिरतं, म्हणजे ते 160 वॉट अखेर त्या दोन लिटर पेट्रोलमध्येच मुरतात. हिशेबाने दर मिनिटाला सुमारे 3 अंश! वाटेत समुद्राच्या पाण्यावरचा फ्युएल कूलर आहे, पण आयडलला सी-पंपाचं पाणीही कमीच असतं. मरीनामधून बाहेर पडेपर्यंत हळू चालवायचं आणि बाहेर पडताच थ्रॉटल टेकवायचा, नेमकी हीच वेळ सगळ्यात वाईट. पंप मोठा घेतला तर ही उष्णता आणखी वाढेल.

म्हणून आता दोन मध्यम पंप. पहिला आयडलपासून क्रूझपर्यंत एकटा, निम्म्या करंटवर. दुसरा ईसीयू (इंजिनचा कंप्यूटर) एमएपी (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब) आणि आरपीएम बघून सुरू करेल, साधारण 3500 च्या वर लोड आलं की. पीडब्ल्यूएमने (वीज झपाट्याने चालू-बंद करून) एकाच पंपाचा वेग कमी-जास्त करायचाही विचार केला, पण इग्निशन-प्रोटेक्टेड कंट्रोलर मला पटेल असा मिळाला नाही, आणि दोन पंपांमध्ये एक बंद पडला तरी घरी परत येता येतं. धोका एकच: दुसरा पंप सुरूच झाला नाही तर फुल थ्रॉटलला मिश्रण लीन. त्यासाठी रेलवर सेन्सर आहेच. 4000 आरपीएमच्या वर प्रेशर 7 पीएसआयने खाली आलं की ईसीयू रेव्ह लिमिट (आरपीएमची कमाल मर्यादा) खाली आणेल. दोन्ही पंपांचा पॉवर ईसीयूच्याच ताब्यात, इंजिन फिरत नसताना किल्लीच्या पहिल्या प्राइमशिवाय (लाइन भरायला पंप क्षणभर चालतो तो) एकही पंप चालणार नाही. दुसऱ्याचा कनेक्टर अर्ध्या लोडवर मुद्दाम काढून ही कटऑफ तपासणार, त्याशिवाय थ्रॉटल टेकवणार नाही.

त्यानंतर हॉट सोकची चाचणी: जोरात चालवून इंजिन बंद, हॅच बंद, आणि व्हीएसटीचं तापमान लॉग करत पुन्हा स्टार्ट. ब्लोअर (पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा) आधी निदान 4 मिनिटं, हे वेगळं सांगायला नको. दोन पंप व्हीएसटीत बुडवून ज्यांनी चालवलेत त्यांनी प्रत्येक पंपाच्या आउटलेटला कुठला चेक व्हॉल्व्ह (उलटा प्रवाह अडवणारा) लावला आणि 4 बारला त्याचा दाब-तोटा किती आला, ते कळवा. व्हीएसटीचं झाकण अजून उघडंच आहे, फिटिंग ठरलं की बंद करतो.