आमची वाटचाल : दाराच्या आतल्या बाजूने

आम्ही दारांना कीपॅड आणि इलेक्ट्रिक लॉक बसवतो, बसवून झाल्यावर प्रोग्रामिंग करून देतो आणि नंतर काही अडलं तर जातो. सुरुवात दोघांनी केली. मी वायरिंगची कामं करायचो आणि माझा भागीदार सुतारकाम. हे काम अर्धं वायरीचं आणि अर्धं चौकटीचं आहे, त्यामुळे जोडी जमली. नुसता इलेक्ट्रिशियन असला की लॉक वाकडं बसतं आणि नुसता सुतार असला की वायर चुकते, हे आम्ही दोन्ही प्रकारे बघितलंय.

पहिल्या काही कामांत आम्ही माहितीपत्रक वाचून, रंगाला रंग जोडून मोकळे व्हायचो. कोड दाबला, हिरवा दिवा लागला, दार उघडलं की काम झालं असं वाटायचं. ते किती चुकीचं होतं हे एका संध्याकाळी कळलं, आणि आमच्या धंद्याची खरी सुरुवात मी तिथूनच धरतो.

एका ऑफिसात मॅग्नेटिक लॉक लावलं होतं, तेच ज्याला सगळे ईएम लॉक म्हणतात. त्यात वीज चालू असेतोवर चुंबक दार धरून ठेवतो, वीज तुटली की दार सुटतं. बाहेर कीपॅड, आत एक्झिट बटण, वर फॉल्स सीलिंगमध्ये १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय आणि त्याला बॅकअप बॅटरी. तीनेक महिने सगळं छान चाललं, मग एकदा रात्री आठच्या सुमारास तिथल्या अकाउंट्सच्या मॅडमचा फोन आला की सगळे गेलेत, मी एकटीच आहे, बटण दाबतेय, टक आवाज येतोय पण दार सुटत नाहीये. मी म्हटलं मेन स्विच बंद करा. त्यांनी केला, अंधार झाला, दार तसंच. बॅटरी होती ना, आणि ती आम्हीच मोठ्या हौसेने लावली होती. शेवटी फोनवर सांगून सांगून त्यांना खुर्चीवर चढवलं, सीलिंगची प्लेट सरकवायला लावली, मोबाइलच्या उजेडात बॅटरीची लाल वायर उपसायला लावली, तेव्हा कुठे दार सुटलं. आवाज थरथरत होता त्यांचा. मला आजही आठवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन कीपॅड उघडला. रिलेचे, म्हणजे लॉकची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या छोट्या स्विचचे, कॉन्टॅक्ट चिकटले होते. ईएम लॉक म्हणजे शेवटी कॉइल, तारेचं वेटोळं, तिचा करंट तोडला की ती उलटा झटका मारते, दर वेळी कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते आणि हळूहळू ते जळून चिकटतात. त्यासाठी लॉकच्या दोन टोकांना आडवा एक डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, टाकायचा असतो, साधा वन एन ४००७, पट्टा प्लसच्या बाजूला. काही लॉकमध्ये अशी सोय आतच असते, त्यात नव्हती आणि आम्ही टाकला नव्हता. पण त्याहून मोठी चूक म्हणजे आमचं एक्झिट बटण कीपॅडलाच जोडलेलं होतं, म्हणजे बटण दाबलं की कीपॅडला निरोप जाणार आणि कीपॅड रिले हलवणार. रिलेच चिकटला तर बटण दाबून काय होणार!

तेव्हापासून आमचा एक नियम आहे. बाहेरच्या माणसाला आत यायला कोड लागेल, पण आतल्या माणसाला बाहेर पडायला कशाचीच परवानगी लागता कामा नये. ईएम लॉक असेल तर एक्झिट बटण कीपॅडला जातंच, पण शेजारी एक इमर्जन्सी स्विच असतो जो लॉकची पॉवर सरळ तोडतो, मध्ये कीपॅड नाही, रिले नाही. फायर अलार्म असेल तर त्याचाही कॉन्टॅक्ट याच लाइनमध्ये घेतो. स्ट्राइक लॉक, म्हणजे दाराची जीभ अडवणारा चौकटीतला इलेक्ट्रिक खाचा, असेल तर पॉवर गेल्यावर बाहेरून बंदच राहणारं, म्हणजे फेल सिक्युअर, घेतलं तरी चालतं, पण आतून हँडल फिरवलं की दार उघडलंच पाहिजे. आतून हँडल नसलेल्या दाराला आम्ही फेल सिक्युअर लावत नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी.

बाकीचं काम एकेका चुकीतून शिकलो. एकदा जोरात ओढलं की लॉक सुटायचं. सप्लायवर १२ व्होल्ट बरोबर, लॉकपाशी मोजले तर दहाच्या आसपास. आधीच टाकलेली नेटवर्कची केबल वापरली होती, अंतर तीसेक मीटर, त्या बारीक तारेत दोन व्होल्ट गेले. मॅग्नेट जिला चिकटतो त्या दारावरच्या प्लेटचं तर वेगळंच. भागीदाराला ढिला बोल्ट बघवत नाही, त्याने प्लेट मस्त कसून टाकली आणि पकड निम्मी झाली, कारण त्या प्लेटला रबरी वॉशरवर थोडं हलायला जागा लागते, तरच ती मॅग्नेटला सपाट चिकटते. आता तो कागदाची पट्टी प्लेटच्या चारही कोपऱ्यांत धरून बघतो, कुठूनही सरकून आली की परत जुळवतो.

प्रोग्रामिंगला लोक घाबरतात, खरं तर ते दहा मिनिटांचं काम आहे. बऱ्याच कीपॅडवर स्टार, मास्टर कोड, हॅश असं दाबून आत शिरायचं आणि सगळ्यात आधी कंपनीचा मास्टर कोड बदलायचा, कारण तो प्रत्येक डब्यातल्या कागदावर छापलेला असतो. मग प्रत्येक माणसाला युजर नंबर आणि त्याचा स्वतःचा कोड. हा नंबर वहीत लिहा, प्लीज लिहा. माणूस काम सोडून गेला की फक्त त्याचा नंबर काढायचा असतो. वही नसली तर कोणता कोण हेच कळत नाही आणि सगळे कोड पुसून पुन्हा बसावं लागतं.

सगळ्यांना मिळून एकच कोड द्या असं अजूनही बरेच जण म्हणतात, तिथे मी हट्टाने बसून समजावतो. चार आकडी कोडच्या १०,००० जुळण्या होतात, ऐकायला भरपूर. पण तोच कोड वर्षभर सगळ्यांनी दाबला की चारच बटणं घासून गुळगुळीत होतात, आणि ती चार दिसली की उरतात फक्त २४. वेगवेगळे कोड असले की बटणं सारखी झिजतात.

हे सगळं आता मी स्वतः दाबून दाखवत नाही. गिऱ्हाइकालाच उभं करतो, एक कोड टाकायला आणि एक काढायला लावतो, मग दार बंद करून आतून बाहेर यायला सांगतो, आधी बटणाने, मग इमर्जन्सी स्विचने, मग मेन बंद करून. तेवढं झाल्याशिवाय आम्ही हत्यारं आवरत नाही.

सध्या जुन्या कामांकडे परत जातोय. तेव्हा रिले बाहेरच्या कीपॅडमध्येच असायचा, म्हणजे कुणी कीपॅड भिंतीवरून उपसला तर लॉकच्या वायरी थेट त्याच्या हातात. आता कंट्रोलर, म्हणजे रिले असलेला भाग, आतल्या बाजूला हलवतोय, बाहेर फक्त बटणं. निम्म्याहून जास्त दारं झालीत. त्या मॅडमच्या ऑफिसपासून सुरुवात केली होती.