देवघराखालचा सर्व्हर

दुधाची पिशवी रोज पहाटे दाराच्या कडीला लागत असताना घरी म्हैस पाळण्याचा उद्योग कोणी शहाणा माणूस करत नाही. दूध घरचे, धारोष्ण आणि बिनपाण्याचे मिळते हे खरे; पण त्या दुधाबरोबर वैरण येते, आंबोण येते, शेण येते आणि लग्नाकार्याला चार दिवस गावाला जायचे झाले तर धार कोण काढणार हा प्रश्नही येतो. फोटो, कागदपत्रे, पासवर्ड आणि गाणी सांभाळून द्यायला मोठमोठ्या कंपन्या तयार असताना तीच कामे घरच्या एका संगणकावर चालवणे हा याच जातीचा उद्योग आहे, आणि डोंबिवलीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तो मी समजून उमजून पत्करलेला आहे.

सर्व्हर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे गारठलेली खोली आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांची कपाटे उभी राहतात. आमचा सर्व्हर हाताच्या पंजावर मावतो. बँका आणि मोठी कार्यालये दर काही वर्षांनी आपले संगणक बदलतात, तेव्हा डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी अशी लहान चणीची यंत्रे जुन्या बाजारात उतरतात. मुंबईत हा बाजार लॅमिंग्टन रोडवर भरलेला असतो. या रस्त्याला त्याच्या अधिकृत नावाने, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे म्हणणारा दुकानदार मला अजून भेटायचा आहे. असे यंत्र नुसते जागे राहून वाट पाहत असते तेव्हा साधारण १० वॅट वीज घेते, म्हणजे दिवसाला पाव युनिट आणि महिन्याला सात-सव्वासात युनिट. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा ७० ते ७५ वॅट घेतो हे घरात एकदा समजावून सांगितल्यावर विजेच्या बिलावरून होणारी चर्चा बरीचशी थांबली. पूर्ण थांबली असे म्हणवत नाही.

या वाटेला बरेच लोक लागले ते फोटोंपायी. गुगल फोटोज २०१५ साली सुरू झाले तेव्हा थोडी कमी प्रत मान्य केली तर हवे तितके फोटो फुकट ठेवता येत. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या खात्यात मोजले जाऊ लागले. यात अन्याय काही नव्हता, कारण दुसऱ्याच्या जागेत फुकट ठेवलेल्या सामानाला कधी ना कधी भाडे पडतेच. खटकली ती वेगळीच गोष्ट. बारसे, मुंजी, आईचा पंच्याहत्तरीचा सोहळा आणि वडिलांचे शेवटचे दिवाळीचे फोटो अशा घरच्या सगळ्या ठेवीचे नियम ठरवताना घरातल्या कोणाचाही शब्द लागत नव्हता, ही जाणीव त्या तारखेने करून दिली.

आता आमच्याकडे हे काम इमिच नावाची प्रणाली करते. अ‍ॅलेक्स ट्रॅन या प्रोग्रामरने ती २०२२ साली लिहायला घेतली आणि तिचे निमित्तही घरगुतीच होते: घरात बाळ आले होते आणि त्याच्या फोटोंसाठी स्वतःची जागा हवी होती. कितीतरी दिवस तिच्या माहितीपानावर ठळक सूचना असे की काम अजून चालू आहे, तुमच्या फोटोंची एकमेव प्रत इथे ठेवू नका. स्थिर म्हणावी अशी दुसरी आवृत्ती २०२५ च्या ऑक्टोबरात आली. इतका प्रामाणिक इशारा पैसे घेणाऱ्या सेवांच्या जाहिरातीत क्वचितच वाचायला मिळतो. रात्री फोन चार्जिंगला लावले की दिवसभरातले फोटो आपोआप सर्व्हरवर उतरतात, त्यांतले चेहरे ओळखून वेगळे केले जातात आणि प्रत्येक चेहऱ्याला नाव देण्याचे काम तेवढे माणसावर राहते. हे चेहरे ओळखणाऱ्या मॉडेलचे नाव 'बफेलो' आहे, हे मला सेटिंगच्या पानावर वाचून कळले आणि सुरुवातीचा दृष्टान्त आपण उगाच घेतला नव्हता याचे समाधान वाटले.

या बफेलोने एक गंमत केली. आईचा लग्नाआधीचा, फोटो स्टुडिओत काढलेला कृष्णधवल फोटो मी स्कॅन करून ठेवला होता. तो यंत्राने आईच्या नावाखाली न लावता माझ्या भाचीच्या नावाखाली लावला. आईला दाखवले तर ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अरे, मग बरोबरच आहे की. हनुवटी बघ ना." नातेवाईकांत वर्षानुवर्षे चाललेला, भाची कोणावर गेली हा वाद अशा रीतीने आमच्या घरापुरता निकालात निघाला. मी ती चूक दुरुस्त करायला गेलो तर आईने करू दिली नाही.

शब्द टाकून फोटो शोधण्याची गोष्ट मात्र भाषेपाशी अडते. मुळात दिलेले मॉडेल इंग्रजीवर पोसलेले आहे, त्यामुळे मराठीत शब्द टाकला की ते काहीही पुढे करते. अनेक भाषा जाणणारे दुसरे मॉडेल बसवून सगळे फोटो त्याच्या नजरेखालून पुन्हा घालावे लागतात, आणि त्या काळात सर्व्हरचा एरवी ऐकू न येणारा पंखा शेजारच्या खोलीत ऐकू येतो. आता 'पाऊस' म्हटले की पाऊस सापडतो, 'समुद्र' म्हटले की गुहागर आणि अलिबाग समोर येतात. 'पुरणपोळी' म्हटल्यावर मात्र अधूनमधून थालीपीठही हजर होते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण तव्यावरचे गोल आणि खरपूस पदार्थ आपल्याकडे आहेतच तितके.

कागदांच्या बाबतीत मराठीने अधिक चांगली साथ दिली. पेपरलेस-एनजीएक्स ही प्रणाली स्कॅन केलेल्या कागदावरचा मजकूर टेसरॅक्ट या मुक्त साधनाने वाचते आणि टेसरॅक्टला मराठीचे प्रशिक्षण दिलेले आहे. सेटिंगमध्ये मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा लिहून दिल्या की मालमत्ता कराची पावती, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची नोटीस, वीजबिल, संगणकीकृत सातबारा हे सगळे शब्दाने शोधता येते. जोडाक्षरांत ती ठेचकाळते, रबरी शिक्का मजकुरावर आला असेल तर तेवढी ओळ हातची जाते आणि तलाठ्याच्या हस्ताक्षरातला जुना उतारा पाहिला की सरळ हात टेकते. तरीही बँकेत वारसाचे काम निघाले तेव्हा वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत मला रांगेत उभ्या उभ्या फोनवर मिळाली, आणि खिडकीपलीकडच्या बाईंनी "घरी जाऊन घेऊन या" हे वाक्य अर्ध्यावर सोडले, त्या क्षणी या सगळ्या खटाटोपाचे पैसे वसूल झाले असे मी धरून चालतो.

सर्व्हर देवघराखालच्या कप्प्यात का आहे, हे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. कारण साधे आहे: इन्व्हर्टरच्या लाइनवरचा रिकामा प्लग तिथेच होता. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुतेक वेळा 'इको' आणि 'यूपीएस' असा एक लहान स्वीच असतो आणि तो वर्षानुवर्षे कोणी हलवलेला नसतो. इकोवर असताना वीज गेली की दिवे फक्त लुकलुकतात, माणसाला काही वाटत नाही, पण तेवढ्या अवकाशात संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. यूपीएसवर ठेवला की ही अदलाबदल इतकी झटपट होते की सर्व्हरला तिचा पत्ता लागत नाही. पावसाळ्यात डोंबिवलीत राहणाऱ्याला या स्वीचची किंमत सांगावी लागत नाही. राउटरसाठी स्वतंत्र छोटा यूपीएस मिळतो, तोही घेतला. नाहीतर सर्व्हर जागा आणि वाट मात्र बंद, अशी अवस्था होते. कप्प्याचे दार काढून टाकावे लागले, कारण बंद जागेत यंत्र तापते, आणि तेलाची बाटली, वाती व कापूर यांची सोय दुसरीकडे करावी लागली. आईची अट एकच होती: खंडेनवमीला घरातल्या इतर अवजारांबरोबर त्याचीही पूजा होईल आणि तेवढा वेळ तो बंद राहील. ही अट मला फारच सोयीची आहे. वर्षातून एकदा तो रीतसर बंद होतो, झाकण उघडून पंख्यावरची धूळ ब्रशने काढली जाते, आणि मग त्याच्यावर हळदकुंकू व झेंडूचे फूल चढते. फूल हवेच्या जाळीवर येणार नाही एवढेच मी पाहतो.

घराबाहेरून सर्व्हरपर्यंत पोहोचणे हा खरा अवघड भाग. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी, आणि जगात जोडलेली उपकरणे त्याहून कितीतरी अधिक; म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या एकच बाहेरचा पत्ता बऱ्याच घरांत वाटून देतात. आपल्या राउटरला मिळालेला पत्ता १०० ने सुरू होऊन त्यापुढचा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल तर आपण या पंगतीत बसलो आहोत असे समजावे. आपल्याला बाहेर जाता येते, पण बाहेरच्याला आपले दार सापडत नाही. माझ्या मते ही अडचण नसून कृपा आहे, कारण उघड्या दारावर काय होते ते मी भाड्याने घेतलेल्या एका लहानशा सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, पाहिलेले आहे: यंत्र सुरू होऊन कोणाला सांगायच्या आत 'रूट', 'अ‍ॅडमिन', 'टेस्ट' अशी नावे घेऊन कुलूप चाचपणाऱ्यांची रांग लागते, आणि ती रात्रंदिवस संपत नाही. घरचा सर्व्हर असा उघड्यावर ठेवू नये. वायरगार्डसारख्या, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या कुलूपबंद खासगी बोगद्यातून फक्त घरच्यांच्या फोनना आत घ्यावे. वायरगार्ड २०२० पासून लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या गाभ्यातच आहे आणि टेलस्केलसारख्या सेवा त्याच्याच जोरावर पत्ते वाटून घेण्याच्या भानगडीतूनही वाट काढतात. यात बाहेरच्या एका कंपनीचा आधार पुन्हा घ्यावा लागतो, हे मला ठाऊक आहे. सोवळे इतके कडक पाळायचे असेल तर इंटरनेटच घेऊ नये.

त्याच व्यवहारी बुद्धीने ई-मेल मी घरी आणलेला नाही. घरगुती पत्त्यावरून निघालेले पत्र समोरच्या बाजूला बहुतेक वेळा कचऱ्याच्या टोपलीत जाते, अनेक ठिकाणी त्यासाठीचे पोर्टच, म्हणजे पत्र बाहेर जाण्याचे दारच, इंटरनेट कंपनीने बंद ठेवलेले असते, आणि मुलीच्या प्रवेशाचे पत्र आले नाही याची जबाबदारी देवघराखालच्या यंत्रावर टाकण्याची माझी तयारी नाही. पैसे वाचतात म्हणून कोणी घरचा सर्व्हर चालवत असेल तर त्याने डिस्कची किंमत आणि स्वतःच्या रविवारांची किंमत एकदा कागदावर मांडावी. वाचत नाहीत. हौसेला मोल नाही, हे म्हणताना मोल कोण देतो तेही पाहावे.

बॅकअपचा जाणत्यांचा नियम असा की प्रती तीन असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक घराबाहेर असावी. आमची घराबाहेरची प्रत पत्नीच्या माहेरी, साताऱ्याला असते. गणपतीला आणि दिवाळीला जाताना ताजी डिस्क पिशवीतून जाते आणि जुनी परत येते. तिच्यावरचा मजकूर कुलूपबंद असल्यामुळे ती सासऱ्यांच्या कपाटात इतर कागदांशेजारी निर्धास्त राहते. सासरे ती हातात घेताना दरवेळी "यात काय सोनं ठेवलंय का?" असे विचारतात आणि पावती मागितल्यासारखे माझ्याकडे पाहतात. परत आलेल्या डिस्कवरून पाच-दहा फोटो आणि दोन-चार कागद उलट उतरवून पाहिल्याशिवाय मी ती पुन्हा वापरत नाही, कारण जो बॅकअप कधी उतरवून पाहिला नाही तो आहे असे धरता येत नाही.

हे सगळे तांत्रिक झाले, आणि ते शिकता येते. अवघड आहे ते घरच्यांचे ग्राहक होणे. जाहिराती अडवणारे पाय-होल मी घरभर लावले तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. पत्नीला मात्र साड्यांच्या सेलचे दुवे उघडेनात, कारण शोधात सगळ्यांत वर येणारे दुवे जाहिरातींचेच असतात आणि पाय-होल ते निमूटपणे गिळते. "अहो, सगळ्या जगाचं नेट चालतं, आपलंच कसं चालत नाही?" या प्रश्नाला तांत्रिक उत्तर आहे, पण ते देण्यात शहाणपण नाही. तिचा फोन त्या यादीतून वगळला. मुलगी गाणी आमच्या सर्व्हरवरून ऐकत नाही, मैत्रिणींच्या याद्या तिथे नसतात म्हणून, तेही ठीक. आई तेवढी रोज दुपारी टॅबवर जुने फोटो पाहते आणि अपडेटमुळे पान उघडायला थोडा उशीर झाला तरी स्वयंपाकघरातून हाक येते. त्यामुळे अपडेट रात्री, सगळे झोपल्यावर आणि नव्या आवृत्तीच्या सूचना आधी वाचूनच करायचे, हा नियम कोणी न लावता लागू झाला आहे.

राहिला प्रश्न धार कोण काढणार हा. मी गावी असताना किंवा मुळीच नसताना घरच्यांना आपलेच फोटो मिळाले नाहीत तर एवढ्या मालकीचा उपयोग शून्य, म्हणून इमिचमधले मूळ फोटो साध्या फोल्डरमध्ये, वर्षवार आणि महिनावार पडतील अशी मांडणी मी केली आहे, आणि एक कागद छापून कपाटात विम्याच्या पॉलिसीशेजारी ठेवला आहे. त्यात यंत्र कसे बंद करायचे, पुन्हा कसे सुरू करायचे, मुख्य पासवर्ड कुठल्या पाकिटात आहे, साताऱ्याच्या डिस्कचे कुलूप कसे उघडायचे, आणि काहीच जमले नाही तर सर्व्हरमधली डिस्क काढून लिनक्स असलेल्या कोणत्याही संगणकाला कशी जोडायची, हे सर्व पायरीपायरीने लिहिले आहे. पत्नीने तो नीट वाचला, दोन ठिकाणी "म्हणजे काय?" असे पेन्सिलीने लिहिले, आणि पायऱ्या संपतात तिथे खाली पेनाने एक ओळ आपल्याकडून जोडली: यातले काही करण्यापूर्वी ठाण्याच्या भाच्याला बोलवावे, जेवायला थांबवावे.