विकिपीडियावरचं ‘इतिहास पहा’

मराठी विकिपीडियावर लेख वाचायला येणाऱ्या बहुतेकांचं काम दोन गोष्टींवर भागतं: शोधाची चौकट आणि ब्राउझरचं मागे जाण्याचं बटण. लेखाच्या डोक्यावर ‘चर्चा’ आणि ‘इतिहास पहा’ असे दोन दुवे असतात, तिकडे बोट वळतच नाही. हे फार मोठं नुकसान आहे. लेखातल्या मजकुरावर किती भरवसा ठेवायचा, ते तिथेच कळतं.

‘इतिहास पहा’ दाबलं की ताज्या ५० बदलांची यादी येते. प्रत्येक ओळीत वेळ, बदल करणारा आणि हिरव्या किंवा लाल रंगातला एक आकडा. +३०० दिसलं की ३०० अक्षरं वाढली असं वाटतं, पण हा आकडा बाइटचा, म्हणजे मजकूर साठवायला संगणकाला लागणाऱ्या जागेचा आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी धरून प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘की’चे ६, ‘क्षि’चे १२. म्हणजे +३०० ही जेमतेम दीड-दोन वाक्यांची भर. आकडा ० असला तरी गाफील राहू नये. १८५७ चं १८७५ केलं तरी ० च दिसतो, आणि सनावळीतली खोडी नेमकी अशीच लपते.

म्हणून फरक उघडून बघायचा. ओळींच्या सुरुवातीला गोल खुणा असतात. जुन्या आवृत्तीपुढची एक आणि नव्या आवृत्तीपुढची एक निवडून तुलनेचं बटण दाबलं की डावीकडे जुना मजकूर, उजवीकडे नवा. तिथून मागच्या-पुढच्या फरकाच्या दुव्यांनी एकेक बदल ओलांडत जाता येतं. दर वेळी यादीत परतायची गरज नाही.

इथेच नवखे फसतात. यादीतल्या तारखेवर टिचकी मारली की त्या दिवशीची आवृत्ती उघडते. तिथेच ‘संपादन’ दाबून एक वेलांटी सुधारून जतन केलं, तर नंतरच्या सगळ्यांनी घातलेली भर एका फटक्यात जाते. वर सूचना येते, पण ती न वाचताच पुढे जाणारे कमी नाहीत. असं झालंच तर घाबरू नये. इतिहासात आधीची आवृत्ती शाबूत असते. ती उघडून, तिचंच संपादन करून जतन केलं की लेख पूर्ववत होतो. सराव हवा असेल तर ‘धूळपाटी’ आहे. अक्षर गिरवायचं आणि पुसायचं, हे त्या नावातच किती नेमकं आलंय!

‘येथे काय जोडले आहे’ हा दुवा साधनांमध्ये दडलेला असतो. या लेखाकडे कोणकोणत्या पानांवरून वाट येते, ते तो सांगतो. लेखाचं शीर्षक बदलण्याआधी ही यादी पाहायलाच हवी.

शोधाच्या चौकटीत नेमकं शीर्षक लिहून एंटर दाबलं की थेट लेख उघडतो. तो शब्द आणखी कुठे आलाय ते हवं असेल तर सूचनांमधली सगळ्यात खालची ओळ निवडावी.

विंडोजवर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये ऑल्ट आणि शिफ्ट धरून एच दाबलं की इतिहास, आर दाबलं की ‘अलीकडील बदल’, म्हणजे सगळ्या लेखांतल्या ताज्या बदलांची यादी. अक्षर दाबायच्या आधीच बोटं उचलली, तर कळफलकाची भाषा बदलू शकते. मोबाइलवर लेखाच्या तळाशी शेवटच्या बदलाची ओळ असते, तिच्यावर टिचकी मारली की इतिहास उघडतो.